म्हसोबाचा पत्ता

निंबाच्या डोक्याला जन्मापासून कात्री लागली नव्हती. तीन वर्षांच्या त्या पोराच्या दोन वेण्या पाठीवर लोळायच्या. शिंदखेड्याच्या बाजारात बांगडीवाली त्याला कौतुकाने ‘ताई’ म्हणायची आणि तो तिच्यावर थुंकायचा. एरवी हसण्यासारखंच होतं हे, पण नव्व्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात त्या घरात कोणाला हसू येत नव्हतं. पोराच्या डोक्यात फोड उठले होते. पू यायचा, केस त्यात चिकटायचे, आणि झोपेतसुद्धा तो दोन्ही हातांनी डोकं ओरबाडायचा. डॉक्टरने सरळ सांगितलं, केसांवर मलम चोपडून काही होणार नाही, आधी डोकं भादरा, मग माझ्याकडे या.

भादरा म्हणे! सांगायला डॉक्टरचं काय जातंय? ते जाऊळ देवाला बोललेलं होतं. निंबाच्या आजोबांनी, म्हणजे सुकदेव आबांनी, ते म्हसोबाला कबूल केलं होतं. आणि म्हसोबा होता धरणाच्या पोटात.

नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मधूनच कुठून सुरू झाला. गाव उठलं तेव्हा लोकांनी जुन्या गावातून काय आणलं नाही ते विचारा. दारं आणली, छपराचे सरे आणले, जाती आणली, देवळातला मारुती वाजत-गाजत बैलगाडीत घालून वरच्या माळावर आणला. म्हसोबा तेवढा आणता आला नाही. तो नदीकाठच्या जमिनीतूनच वर आलेला धोंडा, त्याचा बुंधा कोणाला लागलाच नाही. बाया रडल्या, पुरुषांनी नारळ फोडले, आणि पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं.

मग पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की म्हसोबा उघडा पडला. अंगाच्या घड्यांमध्ये शेंदूर तसाच! अख्खं गाव धावत सुटलं. सुकदेव आबाही गेले, बायको तानुबाईला घेऊन. त्यांचा एकुलता एक मुलगा भिकन, त्याच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सून कुंदाची कूस उजवत नव्हती. आबा घोट्याभर चिखलात हात जोडून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोऱ्या दे, नही ते पोर दे. जे देशी त्यानं पहिलं जाऊळ तुनाच पायशी उतारसू.”

कार्तिकात कापूस वेचायला गेले असताना आबा बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. आणि फाल्गुनात निंबा झाला.

आता बघा, देणारा देऊन मोकळा झाला, बोलणारा बोलून निघून गेला, आणि फेडायचं राहिलं ते तानुबाईच्या गळ्यात. पुढचे तीन उन्हाळे पाणी काही हटलं नाही. चौथ्या उन्हाळ्यात हटलं तर म्हसोबा दिसेना! मधल्या पुरांनी गाळ आणून ओतला होता. जिकडे बघावं तिकडे सपाट, भेगाळलेला गाळ. झाड नाही, भिंत नाही, खूण म्हणून नाही. गावातली म्हातारी माणसं काठावर उभी राहून बोटं दाखवायची, आणि दोन बोटं म्हणून एका दिशेला जातील तर शपथ. लोटननाना म्हणजे तर स्वतःला जुन्या गावाचा नकाशाच समजायचे. त्यांच्या सांगण्यावरून भिकनने तीन जागी खणलं आणि तिन्ही जागी गाळच उपसला.

शेवटी कुंदा सासूसमोर येऊन बसली. पोर तिच्या मांडीवर कण्हत होतं.

“आत्याबाई, रविवारपर्यंत थांबस मी,” ती म्हणाली. “मंग वनादादाले घर बलावसू आनि केस काढी टाकसू. देवना कोप व्हयना ते मन्हावर होऊ द्या.”

तानुबाई तोंडाची फटकळ. सुनेने एक म्हटलं तर चार ऐकवणारी. पण त्या दिवशी तिने पोराच्या डोक्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मग गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडली. आबांचा शब्द मोडणार होता. जिवंत माणसाचा शब्द मोडला तर हातापाया पडता येतं, समजूत काढता येते. गेलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

शुक्रवारी दुपारी रुपचंद आला. पहूरला दिलेल्या तिच्या बहिणीचा हा मुलगा. मस्कतला वाळवंटात तेल शोधणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. सुट्टीवर आला की मावशीला भेटल्याशिवाय परत जायचा नाही. चहा झाला, रडगाणं झालं. रुपचंद सगळं ऐकत होता. मग कप खाली ठेवून म्हणाला, “मावशी, तुझा म्हसोबा माझ्याजवळ आहे.”

“मस्करी करू नको रे बाबा.”

“मस्करी नाही.” त्याने बॅगेतून चामड्याचं एक पाकीट काढलं आणि पाकिटातून राखाडी रंगाचा एक डबा. छोट्या ट्रान्झिस्टरएवढा. वर बोटभर दांडी, समोर काच, काचेवर काळे आकडे. “हा हातातला कॉम्प्युटर समज. ह्यात आहे तो.”

तानुबाईने आयुष्यात एकच कॉम्प्युटर पाहिला होता, भुसावळच्या स्टेशनात, तिकिटाच्या खिडकीमागे. तो टीव्हीएवढा होता आणि त्याच्यासमोरचा माणूस चिडलेला होता. हा तर एका हातात मावत होता. ती जरा मागेच सरकली.

रुपचंदने तिला अंगणात नेलं. डब्याला वर उघडं आभाळ लागतं म्हणाला. “तिकडे वर, चंद्राच्या कितीतरी अलीकडे, दोन डझन यंत्रं फिरतात. रात्रंदिवस. ती सारखी बोलत असतात, मी इथे आहे, आता इतके वाजले. हा डबा ते ऐकतो आणि आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते काढतो. पंच्याण्णवला मी इथे होतो ना? म्हसोबा निघाला त्या दिवशी? तेव्हा हाच डबा मी बरोबर नेला होता. तिथली जागा ह्यात साठवून ठेवली होती. अजून आहे.”

तानुबाईने आभाळाकडे पाहिलं. वैशाखाचं पांढरं, रिकामं आभाळ. एक घारसुद्धा नाही.

“त्या आपलाले देखतस का?” तिने हळूच विचारलं.

“नाही. बघत नाहीत. फक्त बोलतात.”

तिला ते कसंसंच वाटलं. बिचारी यंत्रं, कोणी ऐकतंय की नाही हे माहीत नसताना बोलत फिरताहेत! एवढ्यात रुपचंदने बटणं दाबली आणि काच तिच्यासमोर धरली. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं. जागेचे आकडे वाचले, आणि खाली तारीख होती. मे महिना, पंच्याण्णव साल, सकाळची वेळ.

“म्हंजे तवय ह्या व्हतात,” ती म्हणाली. ह्या म्हणजे आबा. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. “ह्या तठेच हुभा व्हतात तवय.”

“हो मावशी.”

ज्या सकाळी आबा त्या चिखलात हात जोडून उभे होते, ती सकाळ कोणीतरी जपून ठेवली होती. गावात कोणाला जागा सांगता येत नव्हती, नदीने पुसून टाकली होती, आणि आभाळातून ती कोणीतरी बोट ठेवून दाखवणार होतं. तिने डब्याला हात लावला नाही. पदर हातात धरून लांबूनच नमस्कार केला. एक गोष्ट मात्र तिच्या मनात खुटखुटत राहिली. त्या दिवशी ह्याच डब्यावरून तिने रुपचंदला सगळ्यांदेखत झापलं होतं. का झापलं, ते काही केल्या आठवेना.

शनिवारी सकाळी सगळे गाळावर उतरले. काचेवर एक बाण आला. रुपचंद बाणामागे चालला, रुपचंदमागे भिकन, त्याच्यामागे तानुबाई, आणि मागे अर्धं गाव. रुपचंद वळला की गाव वळायचं. मग एका ठिकाणी तो थांबला, आणि तो जागचा हलत नसताना बाण मात्र आपोआप फिरायला लागला.

“भूत लागनं का रे त्याले?” लोटननाना म्हणाले.

“तसं नाही नाना. अमेरिकेच्या सरकारने ह्यात मुद्दाम थोडा घोळ घातलाय. दुश्मनाला नेमकी जागा सापडू नये म्हणून. शंभर पावलांचा फरक पडतो.”

“आनि मी कोठली त्यासनी दुश्मन?” तानुबाई फणकारली. “त्यासले सांग, पोरनं जाऊळ शे म्हना.”

पण रुपचंदला तोड माहीत होती. डबा एका जागी ठेवून द्यायचा. तो आकडे गोळा करत राहतो, चुकीचे इकडचे, चुकीचे तिकडचे, आणि त्यांचा मध्य काढत जातो. जितका वेळ बसेल तितकं नेमकं. पंच्याण्णवलाही त्याने असाच सकाळभर बसवून ठेवला होता म्हणे. त्याने पाट मागवला, पाटावर डबा ठेवला, आणि स्वतः छत्री घेऊन शेजारी बसला. लोटननानांनी विचारलं, अंडी कधी फुटतील? गाव खो खो हसलं. तानुबाईने मात्र नानांकडे असं पाहिलं की त्यांनी तंबाखूची चंची काढून तोंड कामाला लावलं.

उन्हं कलल्यावर रुपचंद उठला. कागदावर गणित केलं, फीत लावून मोजलं आणि एका जागी बाभळीची काठी रोवली. “इथे.”

अंधार पडेपर्यंत भिकन आणि त्याचे दोस्त खणत होते. काही लागलं नाही.

रविवार उजाडला. दिलेला शब्द म्हणून वनादादा न्हावी धोकटी घेऊन काठावर येऊन बसले. कुंदा पोराला घेऊन आली. निंबाचे मामा आले, आत्या पुष्पाबाई साक्रीहून आली. जाऊळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात आणि केस आत्याने पदरात झेलायचे असतात. तिला निरोप होता, देवापाशी नाहीतर घरी, पण आज जाऊळ आहे. खड्डा आता खळ्याएवढा रुंद झाला होता. रुपचंदचा चेहरा पडला होता. तो परत परत आकडे ताडून बघत होता आणि परत परत तेच म्हणत होता, डबा खोटं बोलत नाही.

“डबा नही बोलत, देव बोलस,” लोटननाना म्हणाले. “त्याना मनमा नही शे.”

हे ऐकून तानुबाई खड्ड्याच्या कडेला मटकन बसली. आबांना काय सांगू, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात भिकनच्या फावड्याला काहीतरी मऊ लागलं. त्याने ते उपटलं आणि चिखलाचा गोळा बाहेर भिरकावला. गोळा तानुबाईच्या पायाशी येऊन पडला.

चप्पल होती. एकाच पायाची. टायरचा तळ, आणि अंगठ्याचा बंद तांब्याच्या तारेने बांधलेला.

तानुबाईने ती उचलली. पदराने पुसली. पुन्हा पुसली. ती तार आबांनी स्वतः, मोटारीच्या जळालेल्या वायंडिंगमधून काढून, ओट्यावर बसून बांधली होती. नवीन घ्या म्हणून तिने किती डोकं फोडलं होतं त्यांच्यापुढे!

“हाई त्यासनी शे,” ती म्हणाली. “भिकन, हाई तुना बापनी चप्पल शे रे.”

आणि मग तिला सगळं धडाधडा आठवलं. त्या दिवशी ती काय ओरडत होती ते. म्हसोबाला कातडं चालत नाही! तिने सगळ्यांच्या चपला लांब काढायला लावल्या होत्या. पुरुषांचे पट्टे, पाकिटं, सगळं. रुपचंद तो कातडी पाकिटातला डबा घेऊन देवापाशी निघाला, तेव्हा तिने त्याला झापलं, चामडं देवाच्या तोंडावर नेतोस, लाज नाही वाटत? तोही बिचारा मागे वळला आणि पाकीट चपलांच्या ढिगावर ठेवून आला. परत निघताना आबांची एक चप्पल चिखलाने गिळली होती. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून शोधली, आणि मग हसत म्हणाले होते, राहू दे, म्हसोबाला पाय नाहीत, एक तर एक. तसेच एक पाय अनवाणी घरी आले होते.

“रुपचंद,” ती म्हणाली, “तुना डबा त्या दिन कोठे ठेयेल व्हता?”

“पाकिटात—” एवढंच बोलून रुपचंद थांबला. त्याने कपाळावर हात मारला. “चपलांवर! सकाळभर तिथेच होता. परत येताना तिथेच मी बटण दाबलं. चार वर्षांत साफ विसरलो मावशी!”

लोटननानांसकट सगळे त्या डब्याकडे बघत होते. त्याला जिथे ठेवलं होतं, बरोबर तिथे त्याने त्यांना आणून उभं केलं होतं. वरून नदी गेली, पूर गेले, माणूस गेला, आणि ही जागा त्याने केसभर हलू दिली नव्हती. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि काढल्यावर आता तिचं काय करावं हे त्याला कळेना.

तानुबाई उठली. स्वतःच्या चपला काढून तिने आबांच्या चपलेशेजारी ठेवल्या. जुनं गाव वरच्या अंगाला होतं, देव नदीच्या अंगाला. गावाकडे पाठ करून ती नदीच्या दिशेने चालायला लागली. गाळ तव्यासारखा तापला होता. भिकन पहार घेऊन मागे आला आणि थोड्या थोड्या अंतरावर पहार मारत गेला. गाळ. गाळ. पुन्हा गाळ. तानुबाई वळून बघत नव्हती. तिच्या तोंडातून देवाचं नाव निघत नव्हतं, “आते दाखाड, आते दाखाड,” एवढंच निघत होतं, आणि ते ती देवाला म्हणत होती की आबांना, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पहार खणकन वाजली.

मग फावडी राहिली बाजूला, माणसं हातांनीच गाळ उपसायला लागली. आधी डोकं लागलं. मग खांदा. वनादादांनी घागरभर पाणी ओतलं आणि चिखल ओघळून गेला. घडीत शेंदूर होता. बोटभर, जुना, लालभडक. कोणीतरी मोठ्याने गजर केला. बाया पटापट गुडघ्यावर बसल्या. तानुबाईने दोन्ही हातांनी तो धोंडा कवटाळला. चार वर्षं गाळात पुरलेला तो दगड गार होता, आणि तिचं तापलेलं कपाळ तिने त्याला टेकवलं.

रुपचंदने डबा पाकिटातून काढला, पाकीट लांब चपलांपाशी नेऊन ठेवलं, आणि नुसता डबा घेऊन लाजत लाजत आला. “मावशी, आता खरी जागा घेऊ का?”

तिने डबा त्याच्या हातातून घेतला. पहिल्यांदाच. स्वतःच्या हाताने तो म्हसोबाच्या डोक्यावर ठेवला आणि बोटाने त्याला कुंकू लावलं. काच तेवढी सोडून.

निंबाला मामाच्या मांडीवर बसवलं. पुष्पाबाईने पदर पसरला. वनादादांनी वेण्या सोडल्या, कात्री चालवली, मग वस्तरा भिजवला. फोड सांभाळत, फुंकर घालत ते काम करत होते. पोर आधी किंचाळलं, मग डोक्याला वारा लागला तसं हुंदके देत गप्प झालं. तीन वर्षांचं जाऊळ पदरात पडत राहिलं. आबांचा शब्द पुरा होत होता, आणि तानुबाई डोळे मिटून, हात जोडून बसली होती.

वस्तरा थांबला. बराच वेळ थांबला, म्हणून तिने डोळे उघडले.

वनादादा पोराच्या डोक्याकडे बघत होते. केसांखाली कोणी कधी न पाहिलेले निंबाचे कान बाहेर आले होते. मोठे, सुपासारखे पुढे आलेले, आणि डावा कान वरून जरासा मुडपलेला. तीस वर्षं दर आठवड्याला वनादादांनी त्या मुडपलेल्या कानाच्या कडेने वस्तरा फिरवला होता.

“तानुअक्का,” ते म्हणाले, “ह्या कान मी वळखस.”

तानुबाईने पाहिलं. आणि आबा बाहेरून घरात आले की चाळीस वर्षं जसा तिचा हात आपोआप जायचा तसा गेला, पदर पुढे ओढून तिने डोकं झाकून घेतलं. सगळं गाव बघत होतं. तिला कोणाचीच शुद्ध नव्हती. ती त्या तीन वर्षांच्या पोरासमोर वाकली.

“परत घर उनात का तुम्ही?” तिने विचारलं.

निंबाने दोन्ही हात तुळतुळीत डोक्यावरून फिरवले, आपले कान धरून बघितले.

“हाव,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे यायला त्याने हात पुढे केले.